भामरे सरांचं पाचवं घड्याळ

आमच्या सोसायटीत भामरे सरांना वेळ विचारायची सोय नाही. "सर, किती वाजले?" म्हटलं, की ते उलट विचारतात, "कुठले सांगू?"

हा विनोद नाही. सरांच्या बाहेरच्या खोलीत एकाच भिंतीवर पाच घड्याळं आहेत. एक त्यांच्या लग्नाच्या आहेरातलं, एकावर गणपतीचं चित्र, एक आमच्या डाइंग मिलच्या दिवाळी भेटीतलं, मीच दिलेलं. चार घड्याळांखाली चिकटपट्टीवर नावं आहेत: केनिया, पोर्तुगाल, जपान, ब्राझील. पाचवं संक्रांतीनंतर आलं. त्याच्या कडेचं प्लास्टिक तडकलेलं, खाली नाव नाही, आणि ते चक्क आमच्या सुरतचीच वेळ दाखवतं. मी मिलमध्ये हिशेब बघणारा माणूस. सरांच्या मनगटावर घड्याळ, खिशात मोबाईल. सुरतची वेळ कळायला तिसऱ्या यंत्राची गरज काय, हे मला पटेना.

"सर, हे एक जास्तीचं आहे," मी सांगितलं.

"असू द्या हो, वानखडे भाऊ. स्पेअर."

"स्पेअर असेल तर त्यातला सेल काढून ठेवा. उगाच चालतंय."

सरांनी विषय बदलला. विषय बदलला की ते हमखास केनियात जातात.

सर उधन्याच्या एका मराठी शाळेत सातवीला शिकवतात. मूळचे अमळनेरकडचे. वहिनी गेल्यापासून एकटेच राहतात. संध्याकाळी आमच्याकडे चहाला येतात, आणि बोलता बोलता मध्येच थांबून म्हणतात, "तठे आते काय चाली राह्यनं व्हई?" मी अमरावतीचा, मला अहिराणी येत नाही. पण 'तिथे आत्ता काय चाललं असेल' एवढा अर्थ इतक्या वर्षांत पाठ झाला आहे. 'तिथे' म्हणजे कुठे, ते दिवसावर अवलंबून असतं.

"जपानची पोरं जेवून झोपली असतील," माझी बायको स्वयंपाकघरातून सांगते. "तुम्हीही जेवायला बसा, सर. पिठलं केलंय."

सोसायटीच्या दारात बसणाऱ्या भाजीवाल्या शांताबेनलाही हे ठाऊक आहे. सर मेथीची जुडी हातात धरून घड्याळात बघत उभे राहिले, की ती म्हणते, "सर, मेथी लेवी छे के ब्राझील जवुं छे?"

हे खूळ आलं इंटरनेटवरून. वेगवेगळ्या देशांतले वर्ग पडद्यावर एकमेकांना भेटवायचे, मुलांनी मुलांना प्रश्न विचारायचे, असा एक उपक्रम सरांना सापडला. आधी केनियाच्या मुलांशी गाठ पडली. दोन्हीकडच्यांनी आपापले डबे उघडून दाखवले. आमच्याकडची मिरचीची भाजी बघून तिकडे कोणीतरी हात जोडले म्हणे. मग जपान, मग ब्राझील. सरांचं इंग्रजी हळू चालतं, पण कुठे थांबत नाही. पुढचं वाक्य सापडेपर्यंत ते "अँड... अँड... अँड..." म्हणत राहतात, आणि समोरचा वर्ग माना डोलावत राहतो.

अडचण एकच. वर्गाची मागची भिंत आणि लूम्सच्या खात्याची भिंत एकच आहे. खातं म्हणजे पॉवरलूमची शेड. पलीकडे माग सुरू असले की अलीकडे फळासुद्धा थरथरतो. सर प्रत्येक कॉलच्या आधी शेठकडे जातात. "शेठ, अर्धा तास मशीन बंद ठेवाल? पोरं परदेशाशी बोलणार आहेत." शेठ दरवेळी प्रेमाने चहा पाजतो आणि म्हणतो, "मास्तर, परदेशने कहो, जरा मोटेथी बोले." म्हणजे मोठ्याने बोलायचं ते परदेशाने; माग चालूच.

पोर्तुगालच्या वर्गाबरोबर विषय ठरला, 'आमचं घर'. प्रत्येक मुलाने एकेक प्रश्न तयार करायचा. सरांना सगळ्यात आवडला रोशनीचा. रोशनीचे वडील लूमवर रात्रपाळी करायचे, घर म्हणजे नवागामची एक खोली. तिचा प्रश्न होता, "रात्रपाळी करून आलेले बाबा दिवसा झोपलेले असतात, तेव्हा तुम्ही घरात कसे खेळता?"

सरांनी तो मला तीनदा ऐकवला. म्हणाले, "हा प्रश्न जगात कोणीही कोणालाही विचारू शकतं. हिनेच विचारायचा, स्वतःच्या तोंडाने."

आणि संक्रांतीच्या सुमारास रोशनी गेली. वडील कामाला होते ते खातं बंद पडलं, माग विकले गेले. घर टेम्पोत भरून ते लोक शहाद्याकडच्या आपल्या गावी, बोरपाड्याला, परतले. अशी मुलं दरवर्षी जातात. हजेरी घेताना उत्तर आलं नाही की कळतं.

"मग दुसरं कोणी विचारेल," मी म्हणालो.

"नाही," सर म्हणाले. "रोशनी विचारील. पडद्यावर पोर्तुगालला जागा आहे, तर बोरपाड्याला का नसावी?"

झालं. सरांचा रोज रोशनीच्या काकाला फोन. कारण मोबाईल काकाकडेच, आणि रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर. "काका, चार्जिंग फुल शे ना? जिनावर पोरले एकली धाडू नका."

मार्चअखेरचा सोमवार ठरला. आमचे दुपारचे अडीच, त्यांचे सकाळचे नऊ. वजाबाकी मी स्वतः तपासली होती. लॅपटॉप माझा, म्हणून मी अर्धी रजा टाकून वर्गात हजर. रोशनी टाकीच्या जिन्यावर, दोन वेण्या घालून, पडद्याच्या एका चौकोनात. मुलं तिला बघून इतकी ओरडली की लूम्सचा आवाज प्रथमच दबला. पोर्तुगालचा चौकोन मात्र काळाच. तीन वाजले. रोशनीच्या काकाला शेतावर जायचं होतं. तिचाही चौकोन गेला.

मग निरोप आला. आदल्याच दिवशी पोर्तुगालात देशभरची घड्याळं तासभर पुढे सरकवली होती. उन्हाळा येतो म्हणून. तो वर्ग तासभर आधीच येऊन, वाट बघून गेला होता.

सरांचा विश्वासच बसेना. "अख्ख्या देशाची? सरकारनेच? वेळ म्हणजे काय लूमची पाळी आहे का, पुढे-मागे करायला?"

मीही नाराज होतो. आमची वजाबाकी बरोबर होती. चूक पोर्तुगालची होती.

सरांनी घरी येऊन स्टुलावर चढून पोर्तुगालचा काटा पुढे केला. संध्याकाळी आमच्याकडे आले, पण नेहमीचं वाक्य काही म्हणाले नाहीत. चहाही अर्धाच प्यायले. माझी बायको मला हळूच म्हणाली, "परीक्षेनंतर ती पोर यांच्या वर्गाची राहणार नाही. तिकडच्या शाळेची होईल." तेव्हा माझ्या लक्षात आलं, की सरांकडे एकच संधी उरली होती.

ती एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मिळाली. या वेळी दीड वाजता. सरांनी पोर्तुगालच्या बाईंना आधी दोनदा विचारून घेतलं, "मॅडम, गव्हर्न्मेंट अगेन चेंजिंग?" शेठने नेहमीप्रमाणे चहा पाजला. माग सुरूच.

तिन्ही चौकोन उजळले. रोशनी जिन्यावर, मागे काका छत्री धरून. तिची पाळी आली. तिने प्रश्न विचारला, आणि मागांच्या खडखडाटात कोणालाच ऐकू गेला नाही. सर म्हणाले, "पुन्हा." तिने पुन्हा विचारला. पोर्तुगालच्या बाई कानाला हात लावून उभ्या. सरांनी भिंतीवर हात आपटला. भिंतीपलीकडे कोणाला काय पडलंय!

तेव्हा रोशनीने फोन काकाच्या हातात दिला. दोन्ही तळवे गालाखाली धरून मान कलती केली: बाबा झोपले. ओठांवर बोट ठेवलं. मग दोन्ही हात पसरले: आता खेळायचं कसं?

 पोर्तुगालच्या वर्गात मागच्या बाकावरचा एक चष्मेवाला मुलगा उठला. त्याने पीठ मळायची खूण केली, भट्टीत पाव सरकवला, गालाखाली तळवे धरले. त्याचा बाप रात्रभर पाव भाजत होता. मग त्याने शेजारच्या मुलीपुढे मूठ धरली, आणि दोघं आवाज न करता बोटं उघडून कोणाची किती, असा काहीतरी खेळ खेळू लागले.

"सर, आमीबी हेच खेळतो!" आमचा वर्ग ओरडला.

पुढची वीसेक मिनिटं सुरत, बोरपाडं आणि पोर्तुगाल बोटांनी खेळत होते. माग धडधडत होते, आणि त्यांची कोणालाच अडचण नव्हती. सरांना भाषांतर करायला काही उरलं नव्हतं. ते खिडकीशी उभे राहून चष्मा पुसत होते. नंतर फोनची चार्जिंग संपली. शेवटचं दिसलं ते रोशनीचं हसणं आणि काकाची छत्री.

संध्याकाळी मी लॅपटॉपची वायर घ्यायला सरांकडे गेलो. सर स्टुलावर चढून पाचव्या घड्याळाचा सेल बदलत होते.

"आता तरी सांगा, हे कुठलं?"

"रोशनीच्या घरचं. टेम्पोत जागा नव्हती. तिची आई म्हणाली, सर, तुमीच ठेवा, गावाले टाईम कोन देखस?"

"म्हणजे बोरपाड्याचं. पण सर, सुरत काय, बोरपाडं काय, वेळ एकच. कशाला लावायचं?"

सर स्टुलावरून उतरले.

"वानखडे भाऊ, पोर्तुगालचा वर्ग कुठे जात नाही. फार तर घड्याळ सरकवतात. आपला वर्ग जातो. पोरं जातात, कुठे गेली तेही कळत नाही. जग जोडायला मी काय बसलोय? जग जोडता आलं तर आपली चार पोरंही जोडता येतील, एवढंच मनात होतं."

 टेबलावर चिकटपट्टीचं रीळ होतं. मी एक तुकडा फाडला, त्यावर 'बोरपाडं' लिहिलं आणि सरांच्या हातात दिला. त्यांनी तो घड्याळाखाली नीट दाबून बसवला. मग दोघं भिंतीकडे बघत उभे राहिलो. सात वाजत आले होते.

"सर," मी म्हणालो, "तठे आते काय चाली राह्यनं व्हई?"

माझी अहिराणी ऐकून सर आधी मनसोक्त हसले. मग सांगू लागले.