बेळवडी डॉक्टरांचं ‘आम्याले?’

दोडक्याच्या शिरांची चटणी कशी करतात, हे बेळवडी डॉक्टरांना आजवर निदान शंभर बायकांनी सांगितलं असेल. आणि माणसाला चहाचं आधण ठेवता येत नाही! सप्तापुरात खोली घेऊन एकटेच राहतात, दोन्ही वेळा खानावळीत भाकरी मोडतात, आणि भेटेल त्या बाईला विचारतात, "आज काय केलंत? कसं केलंत?" आपण सांगायला लागलो की मान तिरकी करून ऐकतात. जरा थांबलो की लगेच, "आम्याले?" म्हणजे कानडीत, ‘नंतर?’

मी त्यांच्याबरोबर ऑपरेशन थिएटरात सिस्टर म्हणून वीस वर्षं काढली. ते भूल देणारे डॉक्टर. सुरुवातीला मला वाटलं, काय खादाड माणूस आहे बाई! सिझेरियनची बाई टेबलावर, पाठीत सुई देऊन कमरेखालचं अंग बधिर केलेलं, आणि हे तिच्या उशाशी बसून विचारतायत, "एण्णगाईत गूळ कधी घालतेस, तंगी?" तंगी म्हणजे धाकटी बहीण. विशीतली असो, चाळिशीतली असो, यांची तंगीच.

एकदा मला राहवेना. म्हटलं, "डॉक्टर, तिचं पोट कापतायत आणि तुम्हाला भरली वांगी सुचतायत?"

"अक्का, ही भूल दिली की प्रेशर घसरतं," ते म्हणाले. "आईला मळमळतं, गरगरतं, बाळाला रक्त कमी पडतं. मशीन मिनिटाला एकदा आकडा दाखवतं. मधल्या मिनिटात मला कोण सांगणार?"

"तिलाच विचारा की, कसं वाटतंय म्हणून."

"विचारलं तर काय म्हणते?"

आपल्या बायका! जीव चालला तरी म्हणतील, ‘बरं आहे.’ डॉक्टरांचा त्या दोन शब्दांवर काडीचा विश्वास नाही. पण फोडणी सांगतासांगता बाई अडखळली, की यांचा हात प्रेशर चढवायच्या औषधाकडे गेलाच म्हणून समजा. अळणावरकडची एक शेतकरीण मात्र म्हणाली, "स्वयंपाक सासू करते, मी शेतात असते." तर तिच्याकडून भाताची लावणी ऐकली. चिखलणी झाली आणि बाळ रडलं. पुढची लावणी ऐकायची राहिली म्हणून हे दोन दिवस हळहळत होते.

दुसरं वेड घडीच्या चादरीचं. भूल दिल्यावर बाईच्या उजव्या कमरेखाली ती सरकवायची, म्हणजे बाई डावीकडे जराशी कलते आणि बाळाचं ओझं पोटातल्या मोठ्या शिरेवर पडत नाही. चादर आम्ही कितीही नीट ठेवली तरी हे ती काढणार, झटकणार, पुन्हा घडी घालणार. मी कितीदा तरी पुटपुटले असेन, "इस्त्रीवाल्याच्या घरी जन्माला यायचे."

मग माझ्याच लेकीची, सुमेधाची वेळ आली. पहिलं बाळंतपण, बाळ पायाळू, सिझेरियन ठरलेलं. आणि वीस वर्षं थिएटरात काढलेल्या या शहाणीनं काय करावं? पोरीनं डॉक्टरांपुढे अडखळायला नको, चारचौघांत माझी शोभा व्हायला नको, म्हणून आठवडाभर तिच्याकडून शेंगापोळी पाठ करून घेतली! ती शाळेत मास्तरीण, दोन दिवसांत घडाघडा म्हणायला लागली. वर मी बजावलं, "मध्ये थांबू नकोस हं."

त्या दिवशी डॉक्टरांनी मला तिच्या उशाशी स्टुलावर बसवलं. "उभ्या राहू नका. तुम्ही पडलात तर मी कुणाचं प्रेशर बघू?"

भूल दिली, चादरीची घडी झाली, सलाईन धो धो सुरू झालं. "हेळु तंगी, काय सांगतेस?"

"शेंगदाणे मंद आचेवर भाजायचे, साली काढायच्या, गूळ चिरायचा..." सुमेधा सुटलीच. ना थांबणं, ना आठवणं. मला आधी अभिमान वाटला. मग तिचे ओठ बघितले. पांढरे पडत होते, आणि तोंड आपलं चाललंच होतं. मी गर्रकन डॉक्टरांकडे वळले. हे माझंच शिकवणं होतं.

डॉक्टरांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. "शेंगापोळी राहू दे, तंगी. तुझी सासू सांजा कसा करते?"

हे काही पाठ नव्हतं. "सासूबाई... सासूबाई रवा..." आणि थांबली. "डॉक्टर, मळमळतंय."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत औषध गेलेलं होतं. तो आकडा वर येईपर्यंत मी कोणकोणत्या देवाला काय काय बोलले, मला आठवत नाही. मग ओठांवर रंग आला.

"आम्याले?"

"तूप फार घालतात," सुमेधा म्हणाली, आणि सर्जनसुद्धा हसले. थोड्याच वेळात नात रडली. मी तर ढसाढसा रडले. इतकं हलकं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं.

"पाठ करून घेतलंत, अक्का?" डॉक्टर हळूच म्हणाले. बस्स, एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुपारी सुमेधाच्या खाटेशी आम्ही दोघं बसलो होतो. मी म्हटलं, "जा की हो आता, खानावळ बंद होईल."

"पाय हलू दे तिचे."

"सिस्टर फोन करतील ना."

"खोलीवर गेलो की जीव थाऱ्यावर राहत नाही, अक्का. पाय हलले असतील का, बाई बसली असेल का, तेच. बोलायला तरी कोण आहे तिथं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे रोज असे बसतात, ते मी नियम समजत होते. वीस वर्षांत या माणसाला मी एकदाही घरी जेवायला बोलावलं नव्हतं. तेवढ्यात चादरीखाली सुमेधाचा अंगठा हलला. डॉक्टर उठले, वाकले, तो अंगठा दोन बोटांत धरला. "बंतु, यव्वा, बंतु," म्हणाले. आलं, पोरी, आलं. आणि बराच वेळ त्यांनी तो सोडला नाही.