शुक्रवारी मरणारा मनोहरबाबू

दर शुक्रवारी सकाळी मनोहरबाबू मरायचा. सायकल गेटाला टेकवायचा, किल्ल्यांचा जुडगा अन् जेवणाचा डबा माझ्या टेबलावर ठेवायचा आणि सांगायचा, "बाबाजी, आज मी मेलो समजा. कोणी विचारलं तर तसंच सांगा."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्याला हाकलूनच लावलं. सकाळी सकाळी गेटावर असलं अभद्र मी खपवून घेत नाही. शिकलो चौथीपर्यंतच, पण काय बोलावं अन् काय नाही, हे मला कोणी शिकवायला नको. तो हसला नाही, रागावलाही नाही. सायकल वळवली आणि कारध्याच्या पुलाकडे निघून गेला. दिवसभर वैनगंगेच्या काठावर बसायचा, मांडीवर मोबाईल ठेवून.

मी इथं भंडाऱ्यात एका कंपनीच्या इमारतीचा चौकीदार. आत एक थंडगार खोली आहे, तिच्यात मशिनी. दवाखान्यांचे, पतसंस्थांचे कागद म्हणे त्या मशिनींत राहतात. मनोहरबाबू त्यांचा कारभारी.

त्यानंच एकदा समजावून सांगितलं. "बाबाजी, एक मशीन म्हणजे एक घर. घरात धा-वीस बिऱ्हाडं. डोळ्याले दिसत नाहीत, पण नांदतात. त्यांचं धान, म्हणजे हे कागद, मात्र घरात नाही, बाजूच्या सामाईक कोठीत. नवीन घर उभं राहिलं, का कोठीतला कोणता कप्पा त्याचा, हे आजवर मी हातानं ठरवून देत होतो. हात चुकला, का एकाचं धान दुसऱ्याच्या पायाखाली. आता घरानंच कोठी शोधावी, आपला कप्पा आपणच घ्यावा. हात नाही लावायचा."

हात नाही लावायचा, हे त्याचं पालुपद. चहाचा कप समोर आला तरी पहिले हात मागे बांधून उभा राहायचा. सवयच पडली होती.

तर शुक्रवारी मनोहरबाबू मेला असं धरून एक कोरी मशीन आत ढकलायची, स्नेहामॅडमनं वायर खोचायची आणि बाजूला व्हायचं. पुढचं सगळं आपोआप. मनोहरबाबूला फोन गेला, की त्या दिवशीचं सारं फेल. स्नेहामॅडम म्हणजे त्याच्या हाताखालची नवीन पोरगी. अंगावर पिणारं लेकरू घरी सासूजवळ ठेवून यायची.

पहिल्या शुक्रवारी चहा निवायच्या आत तिनं फोन लावला. संध्याकाळी हा भूत होऊन परत आला.

"मेलेल्या माणसाले फोन कायले केला?"

"तुम्ही उचलला कायले मग?" ती म्हणाली.

कोऱ्या मशिनीनं कोठी शोधली होती, कप्पाही घेतला होता, आणि मग पडद्यावर एक प्रश्न लिहून ती गुमान बसली होती. पुढं जाऊ का? कोणीतरी हो म्हणावं म्हणून.

"हो म्हणायले माणूस लागते," मनोहरबाबू उदास होऊन बोलला. "म्हणजे मी अजून जित्ता आहो."

पुढच्या शुक्रवारी दुपारीच परतला. मी म्हटलं, "काहून? मेला नाही का आज?"

"मेलो. पण भूक लागली. डबा द्या."

डबा मी खाल्ला होता. मेलेल्याचं काय ठेवायचं? वांग्याची भाजी होती, चांगली होती. तेही मी त्याला सांगितलं. मग माझ्या शिदोरीतली भाकर आम्ही दोघांनी खाल्ली.

जेवताना मी त्याला चांगलंच झापलं. हे गेट माझ्यावाचून उघडत नाही, याचा मला अभिमान आहे. माणसानं असं काम करावं, की त्याच्यावाचून अडलं पाहिजे. आणि हा? कंपनीच्या साहेबानं तर उघड सांगितलं होतं, की ज्या शुक्रवारी फोन न करता भागलं, त्या दिवसापासून इथं माणूस ठेवायची गरज नाही. नागपुरात बसून पाहता येईल. स्नेहामॅडम वायरीपुरती राहील.

"बयाडा झाला का तू? आपल्याच पोटावर पाय देऊन राहिला!"

त्यानं हात मागे बांधले.

"माही माय गोसीखुर्द धरणाच्या पुनर्वसन गावात राहे," तो म्हणाला. "एकटी. दम्याची. त्या दिवशी नवीन मशीन आलती. मी आत, हातानं कप्पे पाडून राहिलो होतो. आत मोबाईल नेता येत नाही, बाहेरच्या पेटीत ठेवा लागते. शेजारीण फोन करत राहिली. मी बाहेर निघालो, तवा तिचं आटपलं होतं." मग म्हणाला, "स्नेहाचं लेकरू लहान आहे, बाबाजी. तिले आत अडकून नाही पडा लागलं पाहिजे."

त्या वेळी मी या चौकीवर नव्हतो, नाहीतर पेटीतला फोन वाजताना ऐकला असता, एवढंच मनात आलं.

मग तो शुक्रवार आला. वायर खोचली, दिवे लुकलुकले आणि हिरवे होऊन थांबले. कोणी काही विचारलं नाही, मशिनीनंही नाही. स्नेहामॅडमनं टाळी वाजवली आणि साहेबाचं खूश तोंड पाहून हात खाली घेतले. साहेब म्हणाला, "छान!"

दिवस कलला. फोन कोणी केला नाही. करायचं कारणच नव्हतं. डबा माझ्यासमोर तसाच, आज मी उघडला नव्हता. मी मोबाईल ठेवत नाही. ज्याला काम आहे त्यानं गेटावर यावं. पण चौकीच्या भिंतीवर मनोहरबाबूनं खडूनं आपला नंबर लिहून ठेवला होता, वर 'अडलं तर'. टेबलावरचा फोन मी ओढला आणि एकेक आकडा पाहून दाबला.

पहिल्याच घंटीला उचलला. "काय अडलं?"

"काही नाही. पोळ्या वाळून राहिल्या तुह्या."

पलीकडं नुसता वारा ऐकू येत होता.

"बाबाजी," तो म्हणाला, "फोन केला तुम्ही. आजचं फेल झालं."

"हाव, फेल. पुढच्या शुक्रवारी पुन्हा मर."

साहेबानं मात्र फेल धरलं नाही. पुढच्या महिन्यात मनोहरबाबूची खुर्ची मागच्या खोलीत गेली. मीच उचलून ठेवली. त्याला दुसरं काम अजून लागलं नाही. कारध्याला खोलीवर एकटाच असतो. स्नेहामॅडम वेळेवर घरी जाते. मशिनी चालू आहेत. खडूचा नंबर पुसायला एक माणूस आला होता, त्याला मी आत येऊ दिलं नाही.

आता शुक्रवार आला की मी फोन लावतो. पहिल्याच घंटीला उचलतो.

"काय अडलं, बाबाजी?"

"गेटाचं कुलूप उघडून नाही राहिलं."

त्या कुलपाला मी रोज तेल देतो.

"हात नका लावू," तो म्हणतो, "मी आलोच."

रस्त्याच्या वळणावर त्याची सायकल दिसेपर्यंत मी गेट बंदच ठेवतो. आतबाहेर कोणी कितीही बोंबलो.