हत्तुरे मॅडमचा नायट्रोजन

हत्तुरे मॅडम लग्नाला गेल्या की आधी जेवणाच्या भांड्यांवर झाकणं ठेवत फिरतात, नवरा-नवरी नंतर. एकदा त्यांनी बासुंदीचं पातेलं झाकलं तेव्हा डाव आतच राहिला. वाढपी रिकाम्या हातानं "अहो बाई, अहो बाई" करत उभा, आणि मॅडम शांतपणे म्हणाल्या, "हवा लागती की!"

मी सोलापुरातल्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. माझ्या वर्गाच्या भिंतीपलीकडं त्यांची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा. मी विरहाची कविता रंगात येऊन वाचत असतो आणि पलीकडून आवाज येतो, "झाकण! झाकण कुटं गेलं?" विरहाचं मग काही खरं नसतं.

या झाकणांमागं त्यांचं संशोधन आहे. ते त्यांनी मला असं समजावलं, "सर, तुमी आता श्वास घेतला. त्यात बहुतेक नायट्रोजनच. आला तसा बाहेर गेला. कुणाशी बोलला न्हाय, कुणात मिसळला न्हाय. लई गर्विष्ठ गॅस!" कारखान्यांत प्रचंड उष्णता आणि दाब देऊन या गर्विष्ठाचा आधी अमोनिया करतात, मग त्या अमोनियापासून औषधं, रंग वगैरे. मॅडमना हा मधला दलाल नको. धातूच्या एका संयुगानं नायट्रोजनला धरायचं, त्याच्या दोन अणूंची घट्ट मिठी सैल करायची आणि त्याला थेट सेंद्रिय पदार्थात नेऊन बसवायचं. त्यांचा धातू मॉलिब्डेनम. त्याच्याबद्दल त्या दिराबद्दल बोलावं तसं बोलतात. "आज मॉलिब्डेनम रुसलंय." त्याला हवेतला ऑक्सिजन सोसत नाही, ओल सोसत नाही. म्हणून ते काचेच्या बंद पेटीत राहतं आणि मॅडम कोपरापर्यंत रबरी हातमोज्यांत हात घालून बाहेरून त्याची सेवा करतात.

"जमेल का हो हे?" मी एकदा विचारलं.

"व्हणार म्हंजे व्हणार." हे त्यांचं ठरलेलं उत्तर. पाऊस, पगारवाढ, मॉलिब्डेनम, सगळ्याला हेच.

गेल्या उन्हाळ्यात खरंच झालं. बाहेर तपासायला पाठवलेल्या नमुन्यात हवा तो पदार्थ निघाला. प्रिन्सिपॉलसरांनी लगेच कॉलेजच्या ग्रुपवर 'हवेपासून औषध!' असं टाकलं आणि सत्कार ठरवून टाकला. मॅडम "थांबा, एक प्रयोग राहिलाय" म्हणत होत्या, पण तोवर शाल आली होती.

सत्काराला हॉल भरलेला. मॅडम माइकसमोर उभ्या राहिल्या.

"राहिलेला प्रयोग काल केला. नायट्रोजन काढून टाकला, नुसता आर्गॉन ठेवला, तो गॅस कशातच भाग घेत न्हाय. म्हंजे आता पदार्थ तयार व्हायलाच नको." त्या थांबल्या. "तयार झाला. तेवढाच झाला."

मागच्या रांगेतून टाळ्या आल्या.

"टाळ्या नका वाजवू! म्हंजे हवेतला नायट्रोजन आलाच न्हाय. मॉलिब्डेनमभोवती मी जे रेणू बांधले हुते त्यांच्यातच नायट्रोजन हुता, तोच गळून पडला. चूक माझी हाय. शाल राहू द्या तितंच."

प्रिन्सिपॉलसर कळवळून पुटपुटले, "मॅडम, हे नंतर सांगता आलं असतं."

"नंतर तुमी पेपरात दिलं असतं की!"

आवाज कापला नाही, मान खाली गेली नाही. पुढं काही दिवस स्टाफरूममध्ये "हवेतल्या गोष्टी" म्हणून टोमणे चालले. मॅडम मात्र खुशीत. "कुटं चुकलं ते कळलं न्हवं सर? अर्धं काम झालं." त्यांनी धातूभोवतीची सगळी बांधणी मोडली आणि ज्यात नायट्रोजनचा कणही नाही अशी नवी बांधायला घेतली. पावसाळा त्यात गेला, दिवाळीही गेली. शेवटी त्यांनी जड नायट्रोजन मागवला. तो साध्यापेक्षा वजनाला जास्त, त्यामुळं तयार पदार्थात सापडला तर तो नेमका त्या गॅसमधूनच आला, हे कुणी नाकारू शकत नाही.

थंडीत एका दुपारी त्या माझ्या वर्गाच्या दारात आल्या. "सापडला. थोडाच हाय, पण जडच हाय. आणि आर्गॉनमधी काय सुदिक न्हाय."

मी उडालोच. "कुणाकुणाला सांगितलंत?"

"तुमाला." त्यांनी हातातला फोन पर्समध्ये टाकला. मग म्हणाल्या, "सर, तुमच्या आई अक्कलकोटकडच्या न्हवं? घरी कन्नड बोलत्यात?"

मी त्यांना स्कूटरवर घरी घेऊन आलो. आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. मॅडम तिच्याजवळ जमिनीवर बसल्या आणि कन्नडमध्ये सांगायला लागल्या. गर्विष्ठ गॅस, रुसणारा धातू, फसलेला प्रयोग, आजचा निकाल. मी त्यांना एवढं भरभरून बोलताना कधी ऐकलं नव्हतं. आईला त्यातलं फारसं कळत नसावं, पण मेथी तशीच ठेवून ती ऐकत राहिली. सगळं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "ऊटा आतेन?"

जेवलीस का?

भरल्या हॉलमध्ये स्वतःची चूक सांगताना न अडलेल्या मॅडम इथं अडल्या. मग कसंबसं म्हणाल्या, "इल्ल, अव्वा." नाही, आई.

आईनं भाकरी केली. मॅडम खाली मान घालून जेवल्या. त्यांची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, गावाकडचं कन्नड बोलणारं घर बंद होतं, एवढंच मला ऐकून माहीत होतं.

निघताना त्या दारात घुटमळल्या. सगळ्या कॉलेजला हुकूम सोडणारी ही बाई, पण आईकडं न बघताच तिनं विचारलं, "उद्या येऊ का?"

आई म्हणाली, "विचारतीस काय? जरा लवकर ये."