झुळूक घोडीची कारकीर्द

एका जंगलात, बाळांनो, झाडं कमी आणि शर्यती जास्त होत्या. तिथे झुळूक नावाची एक उमदी, खानदानी घोडी राहत असे. जांभळाखालून सुटायचं आणि ओढ्याला पोचायचं, ही छोट्या पल्ल्याची शर्यत ती दर वेळी जिंकत असे. बाकीचे घोडे शिट्टी झाली की नाही यावर वाद घालत, तोवर झुळूक ओढ्याचं पाणी पीत असे.

तिचे मालक तरसराव. शर्यत संपली की हार त्यांच्या गळ्यात पडे. तिच्या पाठीवर बसणारा वानर हुप्पाजी भाषण करी. "लगाम कधी सोडायचा, हे माझं मला ठाऊक!" मग सगळे मिळून झुळुकीच्या आजोबांचा जयजयकार करत. आजोबांना कुणी पाहिलं नव्हतं. झुळुकीनंही नाही.

"आणि मी?" तिनं एकदा विचारलं.

"तू दमली असशील," तरसराव मायेनं म्हणाले. "बोलू नकोस."

एके दिवशी सिंहमहाराज खूश झाले. "एवढी चपळ घोडी ओढ्यापर्यंतच का पळते? डोंगराच्या शर्यतीत उतरवा तिला!"

झुळूक तरसरावांना म्हणाली, "मालक, माझा दम ओढ्यापर्यंतचाच. डोंगराला वळसा घालणं मला झेपायचं नाही. छाती फुटेल."

"महाराजांना नाही कसं म्हणायचं?" तरसराव म्हणाले. "खानदानाचा तरी विचार कर."

झुळुकीनं खानदानाचा विचार केला आणि धावली. ओढ्यापर्यंत ती सगळ्यांच्या पुढे होती. चढावर तोंडाला फेस आला. उतारावर गुडघे टेकले. वाटेत चरायला थांबलेला एक हेला, म्हणजे साधा रेडा, मागून आला, "जाऊ का पुढे, ताई?" असं अदबीनं विचारून पुढे गेला आणि जिंकला.

त्या दिवशी झुळुकीच्या खानदानाचं नाव कुणी काढलं नाही. "घोडीच आळशी," हुप्पाजी म्हणाला. "लाड नडले," तरसराव म्हणाले. आणि हेल्याच्या आजोबांचा शोध सुरू झाला.

झुळुकीला कुरणात सोडून दिलं. तिथे तिला शिंगरू झालं. मुलगी. तिचं नाव पाकोळी. पाकोळी उभी राहिली, धडपडली, पुन्हा उभी राहिली आणि सुटली ती वाऱ्यासारखी. झुळुकीचे डोळे भरून आले. मग तिनं घाबरून मागे पाहिलं, कुणी बघत तर नाही ना.

पण बातमी जायची तिथे गेलीच. तरसराव हार घेऊनच आले. "शेवटी रक्त कुणाचं! आमच्या झुळुकीचं! पळव बघू तिला."

झुळुकीनं लेकीच्या कानाशी तोंड नेलं. "पाकोळे, डावा पाय जरा उचलून धर."

"का गं आई?"

"मोठी झालीस की सांगेन."

पाकोळी इतकी सुरेख लंगडली की खुद्द झुळुकीला क्षणभर काळजी वाटली. तरसरावांनी हार पाठीमागे लपवला.

"बापावर गेली," ते म्हणाले, आणि हेल्याच्या गोठ्याकडे वळले.

ते टेकाडाआड होताच मायलेकी कुरणभर उधळल्या. पुढे कोण होतं, ते दोघींनीही पाहिलं नाही.

तात्पर्य : बाळांनो, देवानं पायांत वेग दिला असेल, तर आळस करू नका. रोज नेमानं सराव करा. लंगडण्याचा.