निळ्या कुडत्यातली मी

टक्! घर गाढ झोपलेलं, आणि त्या शांततेत माझ्या जीन्सचं बटण उडून फरशीवर घरंगळत गेलं. लेक व्हायच्या आधीची जीन्स. बिचारीनं तरी किती सोसावं!

पण मी डगमगले नाही. माझा बेतच इतका भक्कम होता! ऑफिसात फोटोचा दिवस होता. सूचना आली होती : ‘भारतीय आणि पाश्चात्त्य पोशाखाचा मेळ घालून या. तुमची स्वतःची ओळख दिसू द्या.’ त्याच कार्यक्रमात नव्या विभागाची प्रमुख कोण, हे साहेब जाहीर करणार होते. बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यापासून ऑफिसात मी ‘लवकर घरी जाणारी’ एवढीच उरले होते. ते पद मला हवंच होतं!

म्हणून जीन्स, वर बंद गळ्याचा शर्ट, त्यावरून हिरवीगार रेशमी साडी, साडीवर नवऱ्याचा कोट, आणि हा सगळा डोलारा सावरायला कमरेला नवऱ्याचाच पट्टा. बटणाची जागा निऱ्यांखाली गडप! आरशात पाहिलं आणि स्वतःलाच नमस्कार करावासा वाटला.

सासूबाई उठून आल्या. “अगं, कपडे घालते आहेस की बदलते आहेस?”

“आई, ही माझी ओळख आहे.”

“असू दे हो. पण बाहेर जाताना नीट नेसून जा.”

तेवढ्यात नवरा ओरडला, “माझा कोट!”

“आज ते माझं व्यक्तिमत्त्व आहे.”

“त्या व्यक्तिमत्त्वाच्या खिशात माझ्या गाडीची किल्ली आहे!”

लेक मात्र डोळे चोळत म्हणाली, “आई, तू राणी पण आहेस आणि पोलीस पण?” तिचा असा काही पापा घेतला म्हणता! त्या एका वाक्यावर मी ऑफिसपर्यंत तरंगत गेले.

दार ढकललं आणि पाहते तर काय, सगळे निळे! जीन्स आणि निळा कुडता, जीन्स आणि निळा कुडता. जणू एकाच दोरीवर वाळत घातलेली माणसं!

“साहेब काय घालणार ते सेक्रेटरीला आधीच विचारून ठेवलं सगळ्यांनी,” शेजारच्या टेबलावरची मैत्रीण कुजबुजली. “तू नाही विचारलंस?”

“अगं, पण स्वतःची ओळख...”

“हो ना! साहेबांना हीच आवडते.”

फोटोवाल्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हातात फुलं दिली. “ताई, तुम्ही स्वागताच्या ना? दाराशी उभ्या राहा.” मागून आलेल्या पाहुण्यांनी तर विश्वासानं आपली छत्रीच माझ्याकडे सोपवली!

फुलं, छत्री आणि उरलासुरला तोरा सांभाळत मी खुर्चीत टेकले. चाकांची खुर्ची. साहेबांनी फोटोसाठी माझं नाव पुकारलं, मी उठले, आणि कुणीतरी सौजन्यानं खुर्ची मागे ओढली. पदर चाकाखाली! खुर्ची निघाली, मागोमाग पदर निघाला, पदरामागे निऱ्या. मी भोवऱ्यासारखी दोन गिरक्या घेतल्या आणि साडी खुर्चीबरोबर भिंतीला जाऊन लागली.

आता ऐका. माझ्या अंगावर शर्ट, कोट, जीन्स, पट्टा, सगळं शाबूत होतं. तिथल्या कुणाहीपेक्षा मी एक कपडा जास्तच घातला होता! तरी अख्ख्या सभागृहानं डोळे मिटून घेतले.

सेक्रेटरी धावत आली. तिच्याकडे जादाचा कुडता तयारच होता. निळा. तंबूएवढा. मी कोट काढून मुकाट्यानं त्यात शिरले.

“वा!” साहेबांचा चेहरा खुलला. “आता कशा तुम्ही ‘तुम्ही’ वाटता! हे आहे व्यक्तिमत्त्व!” आणि त्यांनी मला प्रमुख केलं! टाळ्या! मी म्हणाले, “थँक्यू, सर.” मनापासून म्हणाले, हीच तर पंचाईत.

संध्याकाळी फोटो आला. सगळे मावावेत म्हणून फोटोवाल्यानं शिडीवर चढून काढलेला. लेकीला मांडीत घेतलं आणि ऐटीत सांगितलं, “बघ, आई आता मोठी साहेबीण झाली! ती बघ, साहेबांच्या शेजारी!”

आधी साहेबच सापडेनात. मी फोटो मोठा केला, बारीक केला, चष्मा पुसला. लेक एकेका निळ्या ठिपक्यावर बोट ठेवत गेली, आणि मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं,

“आई, यातली तू कुठली?”