चंद्राबाईचं बटुघर

वस्तू नुसती असून भागत नाही, ती मोजणीत असावी लागते. प्लुटो बिचारा सूर्याभोवती फिरतच होता. पण परदेशात खगोलशास्त्रज्ञांनी सभा भरवली, ग्रह म्हणवून घ्यायला तीन अटी घातल्या, बरेचसे जण घरी निघून गेल्यावर मतं घेतली, आणि ग्रहाचा बटुग्रह झाला. (प्लुटोला कळवल्याची नोंद नाही.)

पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे. शास्त्रात मागे राहायचं नाही, असं यंदा आमच्या गावकीनेही ठरवलं. प्रश्न जुनाच होता: शिमग्यात देवाची पालखी कुणाकुणाच्या अंगणात बसवायची? घरं वाढली, ऊन वाढलं, खांदे मुंबईला गेले. तेव्हा निवृत्त शिक्षक श्रीधरगुरुजींनी (वाडीतले सगळ्यात प्रामाणिक गृहस्थ, घोळ त्यामुळेच होतो) ग्रहाच्या तिन्ही अटी घरांना लावल्या. एक, घर देवळाच्या भोवती असावं. दोन, स्वतःच्या वजनाने त्याला आकार आलेला असावा, म्हणजे स्लॅब. तीन, आपल्या वाटेतून त्याने इतर सगळ्यांना दूर सारलेलं असावं. ठराव एकमताने मंजूर झाला. (बायका तेव्हा सभेच्या चहाची भांडी घासत होत्या.)

मुंबईकरांचे बंगले सरळ पास झाले. वर्षभर कुलूप, दारात कुत्रं फिरकत नाही. तिसऱ्या अटीत तर पैकीच्या पैकी.

नापास झाली ती चंद्राबाई. ग्रह गोल असतो आणि कौलंही गोलसर असतात म्हणून गुरुजींनी दुसरी अट तिच्यापुरती सैल केली, पण तिसरीत इलाज नव्हता. बाई एकटी, मागेपुढे कुणी नाही, आणि ओटीवर बघावं तर शेजारची पोरं, कुणाची तरी कोंबडी, एसटी चुकलेला पाहुणा आणि वाटीभर तिखट उसनं न्यायला आलेली मी.

निकाल सांगायला गुरुजी स्वतः गेले. "चंद्राबाई, तुमचं घर आहे, पण ते घर नाही. बटुघर आहे."

"म्हंजे देव यायचा नाय?"

"लांबून बघेल."

"दरड आली त्या सालीबी आलेला," ती म्हणाली आणि अंगण सारवत राहिली. हात मात्र बराच वेळ एकाच जागी फिरत होता.

शिमगा आला. मुंबईकरांना यंदा रजा मिळाली नाही, तरी पालखी ठरावाप्रमाणे एकेका कुलपासमोर बसली. गुरुजींनी कुलपांना हळदकुंकू लावलं. ऊन डोक्यावर आलं तसा पालखीचा खांदेकरी पांडू थांबला.

"गुरुजी, ग्रहावर पाणी नाय."

"मग कुठे आहे?"

"बटूकडं हाय."

पोरं आधीच तिकडे पळाली होती. पालखी वळली. चंद्राबाईने पाट मांडला होता, तांब्या भरला होता, वातीही वळून ठेवल्या होत्या. गुरुजींनी याला 'तांत्रिक विसावा' असं नाव दिलं. तो दिवेलागणीपर्यंत चालला. गुरुजी निरीक्षणासाठी आतच बसले होते.

"बटू तं बटू," चंद्राबाई त्यांच्या ताटाकडे बघत म्हणाली, "अजून एक पोळी वाढू काय?"

ठराव अजून कायम आहे. शास्त्र असं पुरणपोळीने बदलत नसतं. वाचकांनीही आपापलं घर तपासून घ्यावं. शेजारचं पोर बेल न वाजवता शेवटचं कधी आत आलं, ते आठवा. आठवत नसेल तर अभिनंदन, आपण पूर्ण ग्रह आहात. पालखी आपल्याकडे नक्की येईल. कुलूप तेवढं पुसून ठेवा.