सोवळ्या तबकडीची आणि पुसल्या सावलीची बखर

श्री. अनाहत नादास दंडवत; आहत नादाचे जे जाहले ते येणेप्रमाणे. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरी, माघ मासी, तबकड्यांच्या राज्यात दवंडी फिरली की, कैलासवासी तुळसाबाई यांचे गाणे मूळ ध्वनिफितीवरून थेट तबकडीवर कोरिले असे, मध्ये अंकयंत्राचा विटाळ नाही, तबकडी सोवळी. अंकयंत्र म्हणजे स्वराचे आकडे करून ठेवणारे यंत्र. राज्यात त्याचा स्पर्श महापातक. दवंडीचे कर्ते ध्वनिसचिव त्र्यंबकराव. विधान भव्य होते. उणे इतकेच, की ते खोटे होते.

तबकडी श्रवणमंडळात वाजली आणि सरदार माना डोलवू लागले, आणि कोणी म्हणाले की आम्हांस अंकांचा वास शंभर कोसांवरून येतो, येथे तो नाही, आणि कोणी ऊब ऊब म्हणत डोळे मिटिले. तेव्हा तुळसाबाईंच्या पट्टशिष्या अंबूताई कोरगावकर, ज्या मंडळाच्या मानकरी, यांनी विचारिले, "रावसाहेब, तार षड्जाआधीची बाईंची सावली कुठं गेली?" सावली ती ऐशी: फीत वर्षानुवर्षे गुंडाळून राहिली म्हणजे एका वेढ्याचा जोरकस स्वर शेजारच्या वेढ्यावर उमटतो, आणि वाजविता पडसाद आधी येतो, साद मागाहून. त्र्यंबकराव हसून बोलिले, "ताई, वय झालं की कानांत सावल्या येतात." मंडळ हसले. मग ताईंचे आसन काढिले, आणि जिचे कान गेले तिजपाशी गळा कोण शिकेल म्हणोन शिष्याही पांगल्या. ताईंनी मागणे केले ते एकच, की मूळ फीत भरमंडळात वाजवावी. सचिवांस त्यात आपलाच उत्सव दिसला. त्यांनी तत्काळ रुकार दिला.

मग फीत आली, आणि बाई गाता गाता थांबल्या, आणि नुसता तानपुरा चालिला, आणि त्याच्या आडून षड्जाची पुसट हाक आली, आणि मग खुद्द षड्ज आला तो दिवाणखाना भरून. सचिव सावरून म्हणाले की, फितीची नक्कल करून तीतून तेवढे पात्याने छाटून टाकिले. पात्यास अंक ठाऊक नाहीत.

"छाटलंत?" ताई म्हणाल्या. "मग तबकडीवर तिथला तानपुरा कसा तुटला नाही?"

या प्रश्नापुढे दवंडी उभी राहिली नाही. पाते फीत कापते. फितीवर तानपुरा आणि सावली एकाच जागी बसलेली. एक राखून दुसरी पुसणे अंकयंत्रावाचून कोणास साधले नाही. ज्यांच्या नाकास शंभर कोसांवरून वास येत होता, ते अंकांच्याच पंगतीस यथेच्छ जेवून, वर तृप्तीची ढेकर देऊन उठले होते. मग ताईंचे आसन पूर्वस्थळी, नव्हे चार हात पुढे, मांडिले, आणि शिष्या परतल्या, आणि ताईंनी त्यांस पहिला पाठ त्याच षड्जाचा दिला.

तात्पर्य, सोवळ्याच्या हव्यासे तबकडी ओवळी ठरली आणि फत्ते सावलीची जाहली. सचिवांचा जबाब भरमंडळात पडला तो अक्षरशः ऐसा: "आधी अंकांत उतरवलं, मग तबकडी कोरली. सावली मीच पुसली. मला तो डाग वाटला. आता तबकडीवर तो षड्ज आला की, त्याच्या आधी कोणीतरी यायचं राहिलंय असं वाटतं."